देवापुढची शपथ

कौल घेतल्यावाचून शुभकार्यास हात न घालणाऱ्या आम्हां गोमंतकीयांस देवापुढे दिलेल्या शब्दाची किंमत सांगावी लागत नाही. म्हणूनच २०२२ च्या जानेवारीत काँग्रेसने आपल्या उमेदवारांस पणजीची महालक्ष्मी, बांबोळीचा क्रूस व बेतीचा दर्गा येथे नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यावयास लावली, तेव्हा आम्ही थोडे थबकलो. ११ जण निवडून आले. १४ सप्टेंबरला त्यांतील ८ जण भारतीय जनता पक्षात दाखल झाले! आपण देवाला विचारूनच निर्णय घेतला, असे दिगंबर कामतांनी सांगितले. प्रसाद उजवा पडला असावा. कायद्याचा कौल तर उजवा होताच. दोन तृतीयांश आमदार एकदम विलीन झाले की पक्षांतरबंदी त्यांना बाधत नाही. पाकीट दिल्याघेतल्यानेच भ्रष्टाचार होतो, असे आम्ही मानीत नाही.

आमच्या वडीलधाऱ्यांनी १९६३ पासून मगो पक्षाच्या सिंहाला मत दिले, ते उमेदवाराचे नावही न विचारता. १९७९ मध्ये त्याच पक्षाचे आमदार फुटले व शशिकला काकोडकरांचे सरकार पडले. पुढच्याच वर्षी सिंहाच्या वाट्यास ३० पैकी ७ जागा आल्या. अर्स काँग्रेसला २० मिळाल्या, आणि ती मंडळी लवकरच इंदिरा काँग्रेसमध्ये गेली.

मतदार गप्प राहिला असे नाही. २०१९ मध्ये काँग्रेस सोडलेल्या १० आमदारांपैकी ७ जणांना त्याने २०२२ मध्ये घरी बसविले. तरी त्याच वर्षी हे ८ गेले.

आमच्या घरच्या आजी मतदानास निघताना पूर्वी फक्त चिन्ह विचारीत. गेल्या खेपेस त्यांनी विचारले, “हा किती दिवस टिकेल?”