पुण्याच्या पेठांतील एक चारिका

पालि वाङ्मयात 'चारिका' हा शब्द वारंवार येतो. तथागत गावोगाव पायी हिंडले, त्या हिंडण्यास हे नाव आहे. महापरिनिब्बान सुत्तात त्यांच्या जीवनाशी निगडित चार स्थळे 'दर्शनीय' व 'संवेजनीय' म्हटली आहेत. संवेग म्हणजे मनास बसणारा असा हादरा, की ज्याने माणूस खडबडून जागा होतो. आम्हास येथे अभिप्रेत आहे तो हा अर्थ. नवसाचा वा पुण्यसंचयाचा भाव नव्हे. हा अर्थ मनात धरून पुण्याच्या जुन्या पेठांतून अर्धा दिवस पायी हिंडावे, असे आम्ही सुचवितो.

कासारवाडी, दापोडी, पिंपरी या भागातील उपासक-उपासिकांना हे अवघड नाही. पूर्वी लोकलने शिवाजीनगरला उतरून पुढची सोय पाहावी लागे. २०२४ पासून कासारवाडीहून मेट्रो थेट कसबा पेठ व मंडईपर्यंत जाते. कसबा पेठेत उतरावे आणि परतताना मंडईस गाडी धरावी. मधली वाट चार-पाच किलोमीटरांची आहे. लक्ष्मी रस्त्यावरील दुकाने उघडण्यापूर्वी निघालेले बरे.

आरंभ शनिवारवाड्यापासून करावा. १७३० साली बांधावयास घेतलेल्या या वाड्यातील इमारती १८२८ च्या आगीत जळाल्या. तट, दरवाजे व जोती तेवढी उरली. सहलींचे वाटाडे येथे पेशव्यांचे वैभव सांगतात. ते सांगोत, परंतु या शहरात चालणे हीच एके काळी सर्वांना सारखी मोकळीक नव्हती, हे आपण विसरू नये. पेशव्यांच्या राजधानीत अस्पृश्यास कमरेला झाडू व गळ्यात मडके बांधून चालावे लागे, याची नोंद परमपूज्य बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनावरील १९३६ च्या आपल्या ग्रंथात केली आहे. पाऊल उमटू नये म्हणून झाडू आणि थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून मडके. ज्या रस्त्यावरून आपण आता निवांत चाललो आहोत, तो रस्ता हा आहे.

शिवाजी रस्त्याने दक्षिणेस गेले की बुधवार पेठेत दगडूशेठ हलवाई गणपतीसमोर भिडे वाड्याची जागा लागते. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी येथे मुलींची शाळा सुरू केली. शाळेच्या वाटेवर सावित्रीबाईंवर शेण व दगड फेकले गेले, ते याच पेठांत. आज तो वाडा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जागेचा वाद निकाली निघाला आणि डिसेंबरात राष्ट्रीय स्मारकासाठी मोडकळीस आलेली वास्तू पाडण्यात आली. जळालेल्या राजवाड्याची जोतीसुद्धा या शहराने जपली; पहिल्या शाळेचा वाडा मात्र दुकानांच्या गर्दीत दशकानुदशके खचत राहिला. स्मारक होणे योग्यच आहे, परंतु ही तुलना मनातून जात नाही. म्हणूनच वास्तू नसली तरी तेथे थांबावे आणि सोबतच्या मुलांना सारी हकीकत सांगावी.

जवळच बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाडा आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्यात १८२१ साली इंग्रज सरकारने संस्कृत पाठशाळा काढली. त्याच वाड्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला. लाकडी कोरीवकाम सुंदर आहे, तेही अवश्य पाहावे.

मंडईवरून पूर्वेस गुरुवार पेठ लागते. हीच जुनी वेताळ पेठ. १८५२ साली जोतीरावांनी येथे महार-मांग मुलांसाठी शाळा काढली. जोतीरावांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाई या मांग समाजातील मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. कमरेला झाडू बांधून चालणाऱ्यांच्या घरातील मुलगी तीन वर्षांत छापील निबंध लिहिते, यापरते शिक्षणाचे प्रमाण कोणते?

शेवटी गंज पेठ, म्हणजे आजची महात्मा फुले पेठ. येथील फुले वाडा आकाराने लहान आहे आणि तेच मनाला भिडते. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापणारे जोतीराव याच घरात राहत आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी येथेच त्यांचे निधन झाले. (एकोणसाठ वर्षांनी त्याच २४ सप्टेंबरला, १९३२ साली, याच शहरातील येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला.) बाबासाहेबांनी बुद्ध व कबीर यांच्यासह ज्यांना गुरू मानले आणि शूद्रांच्या मूळाविषयीचा १९४६ चा ग्रंथ ज्यांना अर्पण केला, त्यांचे हे घर.

१८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यासाठी कोणताही कायदा झालेला नव्हता, सभेचा ठरावही नव्हता. एका गृहस्थाने आपल्या अंगणातील पाणी मोकळे केले, इतकेच. चवदार तळ्याच्या सत्याग्रहास, २० मार्च १९२७ च्या त्या दिवसास, तेव्हा एकोणसाठ वर्षे अवकाश होता. वाड्याच्या आवारात पाण्याची ही जागा आवर्जून पाहावी. तेथून मंडई स्थानक पायी वीस मिनिटांवर आहे.