निरोप आणि पैसा

रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक घरांचा संसार पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालला. १८८० सालीं टपाल खात्यानें हें काम हातीं घेतलें, आणि गिरणींत राबणाऱ्या चाकरमान्याची मिळकत पोस्टमनच्या पिशवींतून गांवोगांव येऊं लागली. त्या फॉर्माच्या तळाशीं चार ओळी लिहिण्यापुरती जागा असे. म्हणजे पैसा व निरोप एकाच कागदावरून येत. आज हीं दोन्ही कामें मोबाइल करितो. मग ज्या व्हॉट्सॲपवरून आपण दिवसभर निरोप धाडतों, त्याच्याच हातीं पैशाचा व्यवहारही कां गेला नाहीं, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो.

याचें उत्तर यूपीआयच्या रचनेंत आहे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननें एप्रिल २०१६ मध्यें ही व्यवस्था जाहीर केली. केनियांत २००७ सालीं निघालेल्या एम-पेसामध्यें ग्राहकाची शिल्लक त्या सेवेच्या खात्यांत असते. यूपीआयमध्यें ती आपल्या बँकेंतच राहते. फोनपे, गूगल पे वा व्हॉट्सॲप हे केवळ बँकेस हुकूम पोंचविणारे जासूद होत. रस्ता एकच, गाड्या मात्र निरनिराळ्या. म्हणूनच एका ॲपवरून दिलेले पैसे दुसऱ्या ॲपवाल्यास मिळतात.

व्हॉट्सॲपनें फेब्रुवारी २०१८ मध्यें प्रयोग आरंभिला. परंतु एप्रिलमध्यें रिझर्व्ह बँकेनें व्यवहारांची माहिती हिंदुस्थानांतच ठेवावी असा दंडक घातला. रीतसर परवानगी मिळाली ती नोव्हेंबर २०२० मध्यें, तीही प्रथम दोन कोटी ग्राहकांपुरती. सर्व मर्यादा उठली ३१ डिसेंबर २०२४ रोजीं. तोंवर इतरांचे चौकटीचे कागद दुकानादुकानांत चिकटले होते आणि लोकांच्या बोटांना सवय जडली होती. २०२४ सालीं यूपीआयचे चार पंचमांशांहून अधिक व्यवहार फोनपे व गूगल पे या दोघांतच होत. व्हॉट्सॲपचा वाटा शंभरांत एकही नव्हता. कोणाही एकाकडे शेंकडा तीसहून अधिक व्यवहार नसावेत, हा २०२० सालीं ठरलेला नियमही लांबणीवर पडत गेला. २०२४ सालीं त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढविण्यांत आली. एकच गाडी अडली तर सारा बाजार अडूं नये, हा त्या नियमाचा हेतु.

तेव्हां गाडी कोणती निवडावी, हा प्रश्न गौण आहे. मुख्य प्रश्न सावधगिरीचा. मनिऑर्डर घेतांना घेणारा सही करी. यूपीआयमध्यें उलट आहे: पिन देणाऱ्यानें घालावयाचा असतो; घेणाऱ्यास कांहींच करावें लागत नाहीं. जुन्या सवयीच्या वडील मंडळींस मात्र पैसे घेण्यासाठींही आपली कांहीं खूण द्यावी लागत असेल असें वाटतें, आणि भामटे नेमका याचाच फायदा घेतात. निरोप व पैसा एकाच पडद्यावर आले म्हणजे हा धोका वाढतो; कारण मुलाच्या नांवानें आलेला निरोप मुलाचाच असतो असें नाहीं.

यासाठीं घरोघरीं दोन नियम असावेत. पैसे मागणारा निरोप आला तर आधीं फोन करून आवाज ऐकावा आणि माणूस ओळखूनच पैसे पाठवावे. आणि पैसे घेण्यासाठीं पिन कधींही घालूं नये. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसतां तत्काळ १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावें; कारण विलंब होईल तसतसा पैसा परत मिळण्याचा संभव कमी होत जातो.