‘ऊन लागणे’ आणि हृदयाचे श्रम

मराठीत माणसाला ऊन ‘लागते’, तशीच तहानही ‘लागते’. दोन्ही प्रयोगांत माणूस चतुर्थीत राहतो आणि ऊन किंवा तहान जणू त्याला येऊन गाठते. व्याकरणदृष्ट्या ही रचना निर्दोष आहे. परंतु उन्हाळ्यात देहात काय घडते हे समजून घेऊ पाहणाऱ्याला ती दोनदा चकविते.

पालघर जिल्ह्यातील मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्याचा परिसर पाहावा. या डोंगराळ मुलखात पाऊस उदंड. तथापि एप्रिल-मे महिन्यांत विहिरी आटतात व पाण्यासाठी पायपीट करावी लागते. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणाऱ्या स्त्रीचे हृदय तेव्हा दुहेरी काम करीत असते. श्रमासाठी स्नायूंना रक्त हवे असते. त्याच वेळी आतील उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून पुष्कळ रक्त तिकडे वळते. रक्तदाब टिकविण्यासाठी हृदयाला गती वाढवावी लागते. घामावाटे पाणी व क्षार गेल्याने रक्त दाट होते आणि गुठळी होण्याचा संभव वाढतो. ज्याच्या हृदयाच्या रोहिण्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याला हा भार पेलत नाही. म्हणूनच उष्णतेने ओढवलेले कितीतरी मृत्यू उष्माघाताच्या नव्हे, हृदयविकाराच्या खाती नोंदले जातात.

‘ऊन लागले’ म्हटले की सावलीतला मनुष्य सुरक्षित वाटतो. वस्तुतः घाम वाळला तरच शरीर निवते, आणि दमट हवेत तो सहजी वाळत नाही. भारतीय हवामान विभाग उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी प्रदेशात किमान ४० अंश सेल्सिअस तापमानाची अट घालतो. किनारपट्टीवर मात्र ३७ अंशांची. किनाऱ्यालगतच्याच खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावर झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार समारंभात उष्माघाताने १४ जण दगावले. पत्र्याच्या तापलेल्या छपराखालीही, ऊन अंगावर न येता, हाच प्रकार घडू शकतो.

तहानेचा प्रयोग अधिक फसवा. ती लागेपर्यंत देहातील पाणी घटलेले असते. वार्धक्यात तर तिची जाणीवच मंदावते. तेव्हा ती लागण्याची वाट न पाहता थोडेथोडे पाणी पीत राहावे आणि पाणी आणण्यासारखी कष्टाची कामे शक्यतो पहाटे उरकावीत. हृदयविकारासाठी ज्यांना पाणी मोजून घेण्यास सांगितले आहे, किंवा लघवी वाढविणारी औषधे चालू आहेत, त्यांनी मात्र प्रमाण आपल्या मनाने बदलू नये. उन्हाळ्यापूर्वीच वैद्यकीय सल्ला घ्यावा.

उष्माघाताचे एक ठळक लक्षण भाषेतच प्रकटते: मनुष्य असंबद्ध बोलू लागतो. अशा वेळी त्याला सावलीत निजवून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये.