दारू सोडताना येणारी फिट

घरातल्या माणसानं दारू सोडली म्हणजे घरच्यांना केवढा आनंद होतो! पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं ती एकाएकी तोडली, तर दुसऱ्याच दिवशी त्याचे हात कापू लागतात, घाम फुटतो आणि एखाद्याला फिटही येते. मग कोणी कांदा हुंगवतो, कोणी वहाण.

पूर्वी पुष्कळ डॉक्टरांनाही हा निकृष्ट आहाराचा परिणाम वाटे. अमेरिकेत लेक्सिंग्टन येथे डॉ. हॅरिस इझ्बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वी मॉर्फिनचे व्यसन असलेल्या दहा कैद्यांना सकस आहार व जीवनसत्त्वे देऊन दारू पाजली. (असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.) १९५५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४८ ते ८७ दिवस पिणारे सहा जण होते. दारू बंद होताच त्यांतल्या दोघांना फिट आली, तिघे भ्रम होऊन बरळू लागले. खाण्यापिण्यात तर उणीव नव्हती!

दारू मेंदूला गुंगवते, म्हणून मेंदू रोज उलट जोर लावून जागा राहतो. रस्सीखेचीत एका बाजूनं दोर अचानक सोडला की दुसरी बाजू कोलमडते ना, तसंच हे.

हे रक्त तपासून आधी कळेल का? थोडंफार. फिट येणाऱ्यांत प्लेटलेट आणि पोटॅशियम कमी आढळण्याचं प्रमाण अधिक असतं. जर्मन संशोधकांनी होमोसिस्टीनकडेही लक्ष वेधलं आहे. दारूमुळे फोलेटचे कार्य बिघडते, हे द्रव्य रक्तात साचते आणि मेंदूच्या पेशींना चेतवते. पण प्लेटलेट डेंग्यूतही उतरतात, पोटॅशियम जुलाबांनीही. एकट्या रिपोर्टवर विसंबून चालत नाही.

मला विचाराल, तर बायकोनं किंवा आईनं दिलेली दोन उत्तरं अधिक मोलाची. मागे दारू सोडताना फिट आली होती का? आणि शेवटचा घोट कधी घेतला? बहुतेक फिट त्यानंतर ७ ते ४८ तासांत येतात. लाजेपायी नेमकं हेच डॉक्टरांपासून लपवलं जातं.

डॉक्टर डायझेपाम किंवा लोराझेपाम देऊन मात्रा हळूहळू उतरवतात, थायामिनही देतात. आणि घरी फिट आलीच, तर रोग्याला कुशीवर वळवा, तोंडात चमचा वा पाणी घालू नका, आणि ताबडतोब दवाखाना गाठा.