कोडियाकरै : मुंबईचं कडं घालून उडणारी पाखरं

तमिळनाडूत, नागपट्टिणमच्या दक्षिणेला किनारा एकदम काटकोनात वळतो. त्या कोपऱ्यावर कोडियाकरै आहे. इंग्रजांनी त्याला पॉइंट कॅलिमियर केलं. एका अंगाला बंगालचा उपसागर, दुसऱ्या अंगाला पाल्कची सामुद्रधुनी. किनारा धरून दक्षिणेला येणाऱ्या पाखरांची जमीन इथं संपते. पुढे पाणी, मग श्रीलंका. साहजिकच आपल्याकडचा पावसाळा सरता सरता वेदारण्यमची दलदल गजबजू लागते.

आपल्या कोकणात पावसाळ्यात शीळ घालणारा नवरंगही शरदात दक्षिणेकडे निघतो आणि इथल्या झुडपी जंगलात दिसतो. फ्लेमिंगोंचे फोटो सगळेच काढतात. खरी गंमत मात्र चिखलात तुरुतुरु धावणाऱ्या छोट्या टिलव्यांत आहे. जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅमचा जीव, वीण थेट आर्क्टिकच्या टुंड्रात!

इथं पाखरांना पकडून कडी घालतात. जाळ्यातून सोडवलेला टिलवा आधी कापडी पिशवीत जातो आणि पिशवीसकट तोलला जातो. मग दोन बोटांत मान अलगद धरून पंख पट्टीवर टेकवायचा, चोच मोजायची, पिसं नवी की झिजलेली ते पाहायचं आणि पक्कडीनं पायात ॲल्युमिनियमचं कडं बसवायचं. कड्यावर क्रमांक असतो आणि 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'ला कळवा, अशी सूचना. नंतर मूठ उघडायची.

या कामाच्या मुळाशी एक आजार आहे. 1957 मध्ये कर्नाटकात क्यासनूर जंगलातला ताप आढळला आणि स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून तो आला की काय, असा संशय आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं सोसायटीचे पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी कडी घालण्याचा मोठा प्रकल्प उभारला. पाखरं पकडायला त्यांनी बिहारचे मीरशिकार आणले. पिढीजात फासेवाल्यांना शास्त्राच्या कामाला लावणं, ही त्यांची सर्वांत शहाणी निवड म्हणावी लागेल.

1967 मध्ये इथं अभयारण्य झालं, 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसरचा दर्जा मिळाला. मिठागरं मात्र दलदलीला खेटूनच आहेत.

जायचं तर नोव्हेंबर ते जानेवारी. ईशान्य मोसमी पाऊस गाठण्याची शक्यता आहेच, छत्री न्या. आणि महाराष्ट्रात कुठंही कडं घातलेला मेलेला पक्षी सापडला, तर क्रमांक, जागा आणि तारीख सोसायटीच्या मुंबई कार्यालयाला कळवा. जिवंत असेल तर कडं काढू नका, क्रमांक टिपून सोडून द्या.