घटका बुडते, तास वाजतो

‘किती वाजले?’ असे आपण दिवसातून कितीदा तरी विचारतो. मनगटावरचे घड्याळ वाजत नाही, मोबाइलवरचे आकडे गुपचूप बदलतात. तरी मराठीत वेळ ‘वाजते’च. एके काळी ती खरोखरच वाजत असे. मोल्सवर्थच्या कोशात ‘तास’ म्हणजे टोले देऊन वेळ कळवण्याची धातूची थाळी, असाही अर्थ दिला आहे. थाळी गेली आणि तिचे नाव साठ मिनिटांना चिकटले. शाळेतला गणिताचा तास आणि रांगेत तासन्‌तास उभे राहणे, या दोन्हींच्या मागे तो टोला आहे.

टोला केव्हा द्यायचा, हे ठरवायचे घटिकापात्राने. तांब्याची अर्धगोल वाटी, बुडाला बारीक भोक. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती रिकामी सोडायची. भोकातून पाणी आत चढू लागते, वाटी जडावत खाली जाते आणि पाणी काठावरून आत आले की गपकन बुडते. तेवढा काळ म्हणजे एक घटका, आजची २४ मिनिटे. लगेच ती वर काढायची, रिती करायची, पुन्हा सोडायची. दिवसरात्र मिळून ६० वेळा. पाणी स्वच्छ हवे, असे सूर्यसिद्धान्त सांगतो. गाळाचा एक कण भोकाशी अडकला तरी घटका लांबणार. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथाचे फारसी भाषांतर केले. त्यातली भास्कराचार्यांची मुलगी लीलावती हिच्या लग्नाची कथा याच दुखण्यावर बेतलेली आहे: तिच्या अंगावरचे मोती पात्रात पडते, भोक बुजते, मुहूर्त टळतो. इतिहास म्हणून ही कथा स्वीकारता येत नाही. पण ती रचणाऱ्याला हे पात्र नीट ठाऊक होते, एवढे नक्की.

पात्र घडवण्याचे मापही ग्रंथांत दिलेले आहे. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात ६ पळे तांबे घ्यावे आणि ४ मासे सोन्याच्या, ४ अंगुळे लांब सळईने भोक पाडावे, असे सांगितले आहे. (इथला ‘पळ’ वजनाचा, घटकेचा साठावा भाग तोही पळच.) अशा काटेकोर मापांचा आग्रह भास्कराचार्यांना मान्य नव्हता. ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त त्यांनी सोपी वाट दाखवली: पात्र कसेही असो, अहोरात्रात ते किती वेळा बुडते ते मोजा आणि त्या संख्येने अहोरात्राला भागा, त्या पात्राचे माप मिळाले. हा विचार मला आजही ताजा वाटतो. मापाचा अधिकार त्यांनी सोन्याच्या सळईकडून काढून सूर्याकडे दिला.

बाबराला हिंदुस्थानातली ही व्यवस्था नवी होती. उंच जागी टांगलेली, दोन बोटे जाड पितळी थाळी आणि ती वाजवणारे घडियाली यांचे वर्णन त्याने आत्मचरित्रात केले आहे. घडियाल ही मुळात ती थाळीच. आपले ‘घड्याळ’ याच कुळातले. थाळीचे नाव आधी भिंतीवर गेले, मग मनगटावर आले.

प्रहराची गोष्ट आणखी वेगळी. प्रहर म्हणजे आघात, टोला. त्यावरून दोन टोल्यांमधला काळ, आठांत वाटलेल्या अहोरात्राचा एक भाग. दोन प्रहर उलटले की ‘दुपार’. रात्रीचे प्रहर जागून काढणारा तो पहारेकरी, आणि ‘पहारा’ शब्दात आता वेळ उरलेलीच नाही, नुसती राखण उरली आहे.

घटकेची मात्र धार गेली. ‘घटकाभर बसा’ म्हणताना २४ मिनिटे कोणाच्या मनात नसतात. ‘घटका भरली’ या प्रयोगात तरी ती वाटी अजून भरताना दिसते. म्हणून शब्दकोशांनी ‘घटका’ या नोंदीत २४ मिनिटांवर थांबू नये, पात्राचे वर्णन द्यावे आणि जमल्यास चित्रही. लग्नात ‘घटिकास्थापना’ हा विधी आहे. तिथे पाण्यात सोडलेली वाटी पाहुण्यांना दिसेल अशी ठेवली, तर मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

घटका सूर्योदयापासून मोजायच्या, त्यामुळे प्रत्येक गावाची वेळ त्याची स्वतःची असे. १ जानेवारी १९०६ पासून देशाला एकच प्रमाणवेळ मिळाली. तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली मुंबईची वेळ मात्र शहरात १९५५ पर्यंत टिकून होती. नागपूरला सूर्य माथ्यावर येतो, त्यानंतर सुमारे २५ मिनिटांनी तो मुंबईच्या माथ्यावर येतो. हे अंतर जवळजवळ एका घटकेचे आहे.