मिन्नेरियाचे हत्ती आणि श्रीलंकेचं ताट

श्रीलंकेला जुलै ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल, तर मिन्नेरिया चुकवू नका. राजा महासेनाने तिसऱ्या शतकात बांधलेल्या या तळ्याचं पाणी कोरड्या दिवसांत मागे सरतं, काठावर कोवळं गवत उगवतं आणि शेकडो हत्ती पिल्लांसकट चरायला उतरतात. सफारी दुपारची घ्या. त्याआधी गावात जेवा, हॉटेलच्या बुफेत नको!

मधे भात, भोवती नारळाच्या दुधातली मसूर डाळ, 'पोलोस' म्हणजे कोवळ्या फणसाचं कालवण, आणि पोल सांबोल: खवलेलं ओलं खोबरं, लाल मिरची, कांदा, लिंबू. शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावं, कारण सांबोलात आणि काही भाज्यांतही सुक्या माशाचा चुरा घालतात.

मला सर्वांत आवडलं ते 'अंबुल थियल'. माशाचे तुकडे काळी मिरी आणि गोरका लावून सुके होईपर्यंत शिजवतात; ते काही दिवस टिकतात. गोरका हा आपल्या कोकमाचाच भाऊबंद, दोघेही गार्सिनिया कुळातले. सकाळी मिळणारे इंदिआप्प, म्हणजे तांदळाच्या शेवया, तर थेट मालवणी शिरवाळ्यांची आठवण देतात. इथे मात्र गोड रसाऐवजी तिखट सांबोल.

शेवटी मातीच्या भांड्यातलं म्हशीचं घट्ट दही आणि वर कितुलची काकवी. कितुल म्हणजे आपला भेरली माड. त्याच्या फुलोऱ्याचा रस आटवून ती करतात. धुरकट गोडवा असतो तिला. एक बाटली घरी आणाच.